बंगलोरची दोन कॅथलिक महाविद्यालये : निवड कशी करावी?



डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. पूर्वी तो असा असे : "पुण्याला पाठवू की इंदूरातच ठेवू?" अलीकडे काही वर्षे तो बदलला आहे. आता पालक विचारतात, "बंगलोरला क्राइस्ट बरे की सेंट जोसेफ्स?" पुणे-मुंबईला आपल्यापैकी बहुतेकांची कोणी मावशी, कोणी काका असतात. मूल आजारी पडले तर रात्री दार ठोठावता येईल असे एक तरी घर असते. बंगलोरला तसे कोणी नसते. अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास, भाषा कानडी, आणि दोन्ही महाविद्यालये ख्रिस्ती मिशनची. मग निवड कशावरून करायची? बहुतेक घरांत ती शेजाऱ्याच्या मुलाने काय केले यावरून होते. ही पद्धत बरोबर नाही असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेख.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. दोन्ही संस्था चांगल्या आहेत. "कोणती श्रेष्ठ" याचे उत्तर या लेखात मिळणार नाही. "आपल्या मुलासाठी कोणती" याचे उत्तर मात्र घरी बसून, चार कागद समोर ठेवून काढता येते. ते कसे काढावे एवढेच सांगायचे आहे.

बंगलोर तितके परके नाही

आपण इंदूरचे मराठी लोक मुळात परप्रांतात स्थिरावलेलेच आहोत. अठराव्या शतकात होळकरांबरोबर आपले पूर्वज माळव्यात आले तेव्हा त्यांनाही येथली भाषा नवी होती. बंगलोरशी मराठी माणसाचा संबंध तर त्याहूनही जुना. १६३८ नंतर बंगलोरची जहागीर शहाजीराजांकडे होती. आजही तेथे महाराष्ट्र मंडळ आहे आणि गणेशोत्सव होतो.

जवळचे उदाहरण हवे असेल तर राहुल द्रविड यांचे घ्या. त्यांचा जन्म ११ जानेवारी १९७३ रोजी आपल्या इंदूरातच, मराठी घरात झाला. कुटुंब बंगलोरला गेले, आणि त्यांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण तेथल्या सेंट जोसेफ्सच्या संस्थांमध्ये झाले. म्हणजे इंदूरचे मराठी घर आणि बंगलोरचे कॅथलिक कॉलेज ही जोडी काही आजची नवी नाही.

आधी नावांचा घोळ मिटवू

निम्म्या चुका येथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पहिली गोष्ट. बंगलोरमध्ये "सेंट जोसेफ्स" नावाची एकच संस्था नाही. १८८२ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी सुरू केलेले मूळ महाविद्यालय आज लालबागजवळ लँगफोर्ड रोडवर आहे. ते २०२२ पासून सेंट जोसेफ्स युनिव्हर्सिटी झाले आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ब्रिगेड रोडवरचे सेंट जोसेफ्स कॉलेज ऑफ कॉमर्स ही वेगळी संस्था आहे. द्रविड यांनी बी.कॉम. केले ते या दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींचे अर्ज वेगळे, फी वेगळी, पदवीवरचे नाव वेगळे. "जोसेफ्सचा फॉर्म भरला" असे मूल म्हणाले तर कोणत्या जोसेफ्सचा, हे त्याच क्षणी विचारावे.

दुसरी गोष्ट. क्राइस्टचेही आवार एकच नाही. मुख्य आवार होसूर रोडवर आहे. त्याशिवाय बंगलोरातच बन्नेरघट्टा रोड, केंगेरी आणि यशवंतपूर अशी आवारे आहेत. पुण्याजवळ लवासाला आणि दिल्लीजवळ गाझियाबादलाही आहेत. प्रत्येक अभ्यासक्रम प्रत्येक आवारात नसतो. "लवासा म्हणजे महाराष्ट्रच, मग तेच बरे" असे काही पालक म्हणतात. परंतु लवासा हे पुणे शहरापासून साठेक किलोमीटर दूर, डोंगरात आहे. पुण्याच्या आत्याकडे रोज संध्याकाळी जेवायला जाता येईल असे ते ठिकाण नव्हे.

तिसरी गोष्ट परीक्षेची. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सी.यू.ई.टी. नावाची राष्ट्रीय परीक्षा होते. आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातही काही अभ्यासक्रमांना तीच लागते. क्राइस्टच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेचे संक्षिप्त नावही हेच पडते, कारण क्राइस्टचे पहिले इंग्रजी अक्षर "सी" आहे. दोन्ही परीक्षा अगदी वेगळ्या आहेत. एकीचा फॉर्म भरला म्हणजे दुसरीचा भरला असे होत नाही. क्राइस्टचे प्रवेश पुष्कळ आधी, बोर्डाची परीक्षा होण्यापूर्वीच सुरू होतात, आणि लेखी चाचणीबरोबर मुलाखतही असते. बारावीचा निकाल लागल्यावर जागे होणाऱ्या पालकांसाठी तेथील बरीचशी दारे तोवर बंद झालेली असतात.

"कॅथलिक" म्हटल्याने किती कळते?

इंदूरात आपण "मिशनचे कॉलेज" म्हणून सगळ्यांना एकाच पंक्तीत बसवतो. परंतु आपले इंदूर ख्रिश्चन कॉलेज, जे १८८७ पासून आहे, ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने काढलेले, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिक व्यवस्था वेगळी आहे. तेथे शाळा-महाविद्यालये बहुधा एखादा संन्यासी संघ चालवतो, आणि प्रत्येक संघाची शिकवण्याची आपली रीत असते. आपल्याकडे रामकृष्ण मिशनची शाळा आणि आर्य समाजाची शाळा दोन्ही हिंदूच, तरी वळण एक नसते. तसेच हे समजावे.

सेंट जोसेफ्स १९३७ पासून जेझुइट संघाकडे आहे. हा संघ इग्नेशियस लोयोला यांनी स्थापला. त्याला १५४० साली मान्यता मिळाली. मुंबईचे सेंट झेवियर्स (१८६९) आणि चेन्नईचे लोयोला (१९२५) ही त्याच संघाची महाविद्यालये. मराठी वाचकाला या संघाची ओळख आणखी एका वाटेने आहे. 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स जेझुइट होते, आणि त्यांचा तो ग्रंथ १६१६ साली गोव्यात छापला गेला. जेथे जायचे तेथली भाषा शिकायची, वाचायचे, वाद घालायचे, ही या संघाची जुनी सवय आहे.

क्राइस्ट १९६९ साली सुरू झाले. ते चालवतो सी.एम.आय. नावाचा संघ, आणि तो परदेशी नाही. केरळात मान्नानम येथे १८३१ साली स्थापन झालेला हा भारतीय संघ आहे. त्याच्या संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा यांना २०१४ साली संतपद मिळाले. चर्चबरोबर शाळा काढण्याचा आग्रह धरणारे म्हणून केरळात त्यांचे नाव घेतले जाते.

आता तो प्रश्न, जो पालक आमच्यासमोर आवाज खाली करून विचारतात : "तेथे धर्माचे काही करायला लावतात का?" आपल्या संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्यकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय (आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय) धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आपल्या शहरातल्या सेंट राफेल आणि सेंट पॉलमध्ये आपल्याच समाजाची कितीतरी मुले-मुली शिकली आणि घरी येऊन मंगळागौर-गणपती करीत राहिली. तेव्हा भीती नको. मात्र कलम ३० चा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा. अल्पसंख्य संस्था आपल्या समाजासाठी काही जागा राखून ठेवू शकते. म्हणून "एकूण जागा किती" यापेक्षा "सर्वसाधारण जागा किती" हा प्रश्न विचारावा.

दोन घरांची दोन वळणे

क्राइस्ट २००८ पासून डीम्ड विद्यापीठ आहे, म्हणजे केंद्राच्या १९५६ च्या यू.जी.सी. कायद्याखालचे. सेंट जोसेफ्स राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झाले. दोन्ही आपापल्या पदव्या देतात आणि दोन्ही पदव्या देशभर चालतात. फरक पडतो तो रोजच्या दिवसात.

क्राइस्टची शिस्त प्रसिद्ध आहे. हजेरीची अट ८५ टक्क्यांची. वेशभूषेचे नियम आहेत. वर्षभर काही ना काही सादर करायचे असते : प्रकल्प, गटकार्य, सर्वांसमोर बोलणे. आवार मोठे, विद्यार्थी हजारोंनी, देशाच्या सगळ्या राज्यांतून आलेले. ज्या मुलाला वेळापत्रकाने बांधून ठेवले की चांगले चालता येते, ज्याला मंचावर उभे राहायची हौस आहे, ते येथे फुलते. जे मूल दिवाळीला पंधरा दिवस, लग्नाला आठ दिवस, मुंजीला चार दिवस इंदूरला येणार आहे, त्याची हजेरी तेथे धोक्यात येईल. येथे चूक बहुधा मुलाची नसते, घराची असते. "एवढे एक लग्न आहे, ये" असे म्हणणारे आपणच असतो.

सेंट जोसेफ्स शहराच्या जुन्या, मध्यवर्ती भागात आहे. दीडशे वर्षांकडे वाटचाल करणारी संस्था आहे, आणि विज्ञान व मानव्य विद्या हे तिचे जुने बळ आहे. तिचे लॅटिन बोधवाक्य "श्रद्धेने आणि श्रमाने" अशा अर्थाचे आहे. क्राइस्टचे आहे "उत्कृष्टता आणि सेवा". वाचनाची, प्रयोगशाळेची, चर्चेची आवड असणाऱ्या मुलाला जोसेफ्स मानवते. परंतु मागे लागून अभ्यास करवून घेणारे कोणी हवे असेल, तर कोणतेही जुने महाविद्यालय त्याला थोडे मोकळे वाटणारच.

अभ्यासक्रमाबाबत एक सूचना. बंगलोरकडे बी.ए., बी.एस्सी.ला तीन मुख्य विषयांची जोडणी घेण्याची रीत जुनी आहे. नव्या शिक्षण धोरणानंतर तिच्यात फेरबदल झाले. कर्नाटकाने २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४ मध्ये राज्याच्या महाविद्यालयांसाठी पुन्हा तीन वर्षांची केली. म्हणून आपण निवडलेला अभ्यासक्रम तीन वर्षांचा की चार, आणि तीन वर्षांनी बाहेर पडता येते की नाही, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. मागच्या वर्षीचे माहितीपत्रक रद्दी समजावे.

पैशाचा हिशेब

फी लिहून काढताना फक्त पहिल्या वर्षाची लिहू नये. सगळ्या वर्षांची, वसतिगृहासह, लिहावी. बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला वेगळी फी आहे का, दरवर्षी वाढते का, वसतिगृहाची जागा पहिल्या वर्षी तरी पक्की आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. वसतिगृह मिळाले नाही तर मुले खासगी पी.जी.मध्ये राहतात. तेथील अनामत रक्कम, जेवण आणि रोजचा प्रवास धरला की हिशेब पार बदलतो.

कर्ज काढायचे असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही. परंतु ती ठराविक संस्थांनाच लागू आहे. आपली संस्था त्या वर्षीच्या यादीत आहे की नाही हे बँकेतून पक्के करावे. मध्य प्रदेश शासनाच्या शिष्यवृत्त्या राज्याबाहेरच्या खासगी संस्थेत मिळतीलच असे नाही, हेही आधी विचारावे. येथे घरबसल्या मिळणारी मदत सोडून जाणे, हाही खर्चच आहे.

दोन ठिकाणी प्रवेश झाला आणि एक सोडायचा असेल, तर यू.जी.सी.ची २०१८ ची अधिसूचना उपयोगी पडते. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत; फार तर पाच टक्के, तेही पाच हजार रुपयांच्या आत, कापता येतात. त्यानंतर उशीर होईल तशी रक्कम ९०, ८०, ५० टक्के अशी घटत जाते, आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही मिळत नाही. आयोग नंतरही वेळोवेळी याबाबत सूचना काढतो. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. आणि "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. फी संस्थेच्या खात्यातच भरावी.

भाषेचा खरा प्रश्न

पालक कानडीला घाबरतात. आम्हाला काळजी इंग्रजीची वाटते. बाजारात, रिक्षात मोडकी हिंदी चालते, आणि चार शब्द कानडीचे मूल महिन्याभरात शिकते. दुसरी भाषा म्हणून हिंदी दोन्ही संस्थांत शिकवली जाते. परंतु वर्गातली इंग्रजी वेगळी. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झालो आहोत, म्हणून हे अनुभवाने सांगतो : उत्तर डोक्यात तयार असते, तोंडातून वाक्य निघेपर्यंत तास संपतो.

आपल्या शाळेची एक विद्यार्थिनी बारावीत उत्तम गुण घेऊन दुसऱ्या एका शहरातल्या नामवंत महाविद्यालयात गेली आणि पहिले सत्र संपताच परत आली. अभ्यासात ती कमी नव्हती. दर आठवड्याला वर्गासमोर इंग्रजीतून बोलावे लागे, आणि ती रात्र-रात्र झोपत नसे. घरी फोनवर मात्र "सगळे ठीक आहे" सांगत राहिली, कारण वडिलांनी कर्ज काढले होते. आज ती इंदूरातच शिकते आहे आणि चांगली शिकते आहे. परंतु ते सहा महिने तिने एकटीने काढले, हे आम्हाला विसरता येत नाही.

म्हणून मार्च ते जून हा काळ मोकळा सोडू नये. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. आठवड्यातून दोनदा घरच्यांसमोर उभे राहून पाच मिनिटे बोलावे. चुका होऊ द्याव्यात, हसू नये. आणि जाण्यापूर्वी मुलाला एक वाक्य स्पष्ट सांगावे : "जमत नसेल तर पहिल्या महिन्यात सांग, आम्ही रागावणार नाही."

ठरवताना हे करावे

१. आधी अभ्यासक्रम ठरवावा, मग संस्था. हवा तो विषय एकाच ठिकाणी असेल तर प्रश्नच मिटला.

२. दोन कागद घ्यावेत. एकावर क्राइस्ट, दुसऱ्यावर सेंट जोसेफ्स. प्रत्येकावर आवाराचे नाव, अभ्यासक्रमाची वर्षे, एकूण खर्च, हजेरीची अट आणि राहण्याची सोय लिहावी. शेजाऱ्याचे मत त्यावर लिहू नये.

३. तिसऱ्या कागदावर मुलाने स्वतः लिहावे : मला कोणी मागे लागलेले आवडते की मोकळीक? गर्दीत मी खुलतो की मिटतो? हा कागद पालकांनी वाचावा, दुरुस्त करू नये.

४. शक्य असेल तर एकदा जाऊन यावे. इंदूरहून बंगलोरला थेट विमान आहे, आणि दोन्ही संस्थांमध्ये अंतर थोड्याच किलोमीटरचे आहे. एका दिवसात दोन्ही पाहून होतात. सुट्टीच्या दिवशी जाऊ नये. वर्ग सुरू असताना जावे. फाटकापाशी दोन-चार विद्यार्थ्यांशी बोलावे, जमल्यास मध्य प्रदेशातून आलेल्यांशी.

५. मुलींच्या पालकांनी वसतिगृहाच्या वेळा, रात्रीची प्रवेशव्यवस्था आणि स्थानिक पालकाची अट विचारावी. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ सगळ्यांनीच लिहून ठेवावा.

हे सर्व करूनही उत्तर "इंदूर" असे आले, तर त्यात कमीपणा मानू नये. घराजवळ मन लावून शिकणारे मूल, लांबच्या मोठ्या नावाखाली कोमेजणाऱ्या मुलापेक्षा पुढे जाते. आणि उत्तर "बंगलोर" आले, तर मग मागे ओढू नये. सकाळी पोहे-जिलबीची आठवण येईल, पहिल्या पावसात फोन जास्त येतील. दिवाळीनंतर ते आपोआप कमी होतात.

शेवटी कार्यालयीन सूचना. राज्याबाहेर प्रवेश घेणाऱ्यांना टी.सी.बरोबर मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. बारावीचा निकाल लागताच त्यासाठी कार्यालयात अर्ज द्यावा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती चार-चार करून ठेवाव्यात. ज्यांना दोन कागदांची तुलना आमच्याबरोबर बसून करायची असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. येताना मुलालाही आणावे, कारण जायचे त्याला आहे.